कण्यातला वाकडा खिळा

शुक्रवारी दुपारच्या नमाजाला गोदीतले सगळे पुरुष गेले की नव्या गलबताच्या कण्याजवळ बसायचं काम हमूदनं माझ्यावर टाकलं, तेव्हाच मी त्याला सांगायला हवं होतं, बाबा रे, दुसरं कुणीतरी बघ. पण मुलानं विश्वासानं काही सांगितलं की आईची जीभ टाळूला चिकटते. "आई, तुझ्याइतकं डोळ्यांत तेल घालून कोण बसणार?" म्हणाला. खरंच होतं ते. ओमानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सगळ्या सूर गावात त्या लाकडाला माझ्याइतकं भिणारं दुसरं कुणी नव्हतं.

आमच्याकडे ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नव्या गलबताचा कणा, म्हणजे बुडाचं लांब लाकूड, वाळूवर मांडला, की मूल न होणाऱ्या बाईनं तो उडी मारून ओलांडायचा. वर्षाच्या आत तिची कूस उजवते. पण समुद्र काही धर्मादाय वाटायला बसलेला नाही. त्या गलबताला ज्यांचे हात लागलेत, त्यांतला एक तो घेऊन जातो. म्हणून कणा मांडल्यापासून त्यावर बरगड्या उभ्या राहीपर्यंत तिथं कुणी ना कुणी राखणीला असतं. हल्लीची पोरं याला हसतात. हसोत बापडी. माझा नवरा खलफान याच गोदीत उस्ताद, म्हणजे सुतारांचा म्होरक्या होता. एकदा राखणदाराचा डोळा लागला आणि सलामा नावाची बाई कण्यावरून गेली. पाचव्या महिन्यात खलफानच्या अंगावर तुळई पडली आणि तो गेला. सलामाला आज सात पोरं आहेत. बाजारात मी दिसले की ती अजून मासळीच्या टोपलीत डोकं घालते. तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवू नये.

आता बापाच्या जागी हमूद उस्ताद आहे. घरात त्याची तीन चिल्लीपिल्ली आहेत. रविवारी पहिल्या बरगड्या चढायच्या होत्या, म्हणजे धास्तीचा हा शेवटचाच शुक्रवार. मी एका पालथ्या डब्यावर बसले होते. शेजारी कहवा आणि चार खजूर. ऊन असं की लाकडातून तेल पाझरत होतं. पलीकडे मशिदीच्या भोंग्यातून प्रवचन ऐकू येत होतं.

तेवढ्यात जुवेना आली.

जुवेना माझी लेक. रास अल हदला दिलीय, इथून तासाभराच्या वाटेवर. तिचा नवरा मुबारक तिथं कासवांच्या किनाऱ्यावर नोकरीला आहे. रोज पहाटे वाळूवरचे माग मोजतो, किती माद्या येऊन गेल्या ते लिहितो. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या आईसमोर मुकं जनावर. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि पाळणा हलला नव्हता. सासूनं बकरी ईदनंतर त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. जुवेना बुधवारी चार दिवस माहेरपणाला म्हणून आली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ईदच्या तोंडावर कुणी माहेरी येतं का?

"जेवण आणलंयस का गं?" मी विचारलं.

"नाही."

मग मी खाली बघितलं. तिच्या चपला हातात होत्या.

"चपला हातात कशाला?"

"वाळू तापलीय."

"तापलेल्या वाळूत माणूस चपला घालतं, भवाने. काढत नाही."

ती कण्याकडे बघत राहिली. ठोकळ्यांवर ठेवलेला तो कणा तिच्या मांडीला लागेल एवढा उंच होता. धावत आली असती तर सहज गेली असती. लहानपणी ही पोरगी सगळ्या गल्लीतल्या भिंतींवरून उड्या मारायची.

"आई, तू जरा तोंड फिरव."

 मी उठले आणि तिच्या आणि कण्याच्या मध्ये उभी राहिले.

"डोकं फिरलंय तुझं? या लाकडाला तुझ्या सख्ख्या भावाचा हात लागलाय!"

"वीस जणांचा लागलाय. हमूदच कशावरून? मलबारी सुतारही आहेत."

"का गं? त्यांना आया नाहीत?"

तिनं मान खाली घातली. लाज वाटली तिला, मला दिसलं. पण चपला खाली ठेवल्या नाहीत.

"आई, आमच्या किनाऱ्यावर रोज रात्री माद्या चढतात. शंभर-शंभर अंडी घालतात, वर वाळू लोटतात आणि मागे वळूनही न बघता पाण्यात निघून जातात. मुबारक सकाळी घरी येऊन मला आकडे सांगतो. जेवता जेवता सांगतो गं. आज एवढ्या आल्या, काल तेवढ्या आल्या. आणि त्याची आई माझ्याकडे बघत बसते."

 आईला सगळ्याची उत्तरं येतात असं पोरांना वाटतं.

भोंग्यातलं प्रवचन संपलं. नमाज सुरू झाली. आता फार तर दहा मिनिटं, की गोदी पुरुषांनी भरणार. जुवेनानं मला बाजूला सारायला हात लावला. मी तिचं मनगट धरलं. तिनं हिसका दिला. भर उन्हात आम्ही मायलेकी अशा झोंबत होतो. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं?

"सोड आई. आज नाही तर उद्या येईन. राखणदार कधीतरी जांभई देईलच."

तिचे डोळे बघितले आणि मला कळलं, ही येणार. मग मी हात सोडला. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मध्ये ते लाकूड. मी कुणाची आई व्हायचं सोडू?

आणि एकदम मला सुचलं. देवानं सुचवलं की सैतानानं, अजून ठरवता आलेलं नाही.

मी सुतारांच्या पेटीकडे गेले. एक लांब खिळा घेतला, हातोडा घेतला. नाळीच्या बाजूला, जिथं कण्याला पुढचं लाकूड जोडलंय, तिथं खिळ्यासाठी पाडून ठेवलेली भोकं होती. एका भोकात खिळा धरला आणि घातला घाव.

"आई! काय करतेयस?"

"काम करतेय. दिसत नाही?"

दुसरा घाव थेट माझ्या डाव्या अंगठ्यावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी दात दाबले आणि ठोकत राहिले. जन्मभर सुतारांची भाकरी केली, पण खिळा ठोकायची ही पहिलीच वेळ. अर्धा गेला आणि वाकला. वाकलेलाच बडवून आडवा केला.

"झालं," मी म्हटलं. "आता या गलबताला माझाही हात लागला."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. चेहरा पांढराफटक पडला तिचा.

"नको आई. मला नको."

"आता नको? अंगठा फुटला माझा! मार उडी!"

"तुला काही झालं तर?"

"एकोणसाठ वर्षं जगले, तेवढी पुष्कळ आहेत. सून आली, नातवंडं मांडीवर खेळली. या अल्लाह, घ्यायचंच असेल कुणाला, तर ही म्हातारी समोर उभी आहे, पोराकडे बघूसुद्धा नकोस. ऐकलंस ना? चल, जुवेना. नमाज संपत आली."

ती रडत रडत मागे गेली, रडत रडतच धावली आणि गेली कण्यावरून. पलीकडे गुडघ्यांवर पडली. मी तिला उठवलं, झग्याची वाळू झटकली, पायांत चपला घातल्या. लहानपणी घालायचे तशा.

पुरुष आले. हमूद सगळ्यात पुढे. "काय आई, कुणी फिरकलं नाही ना?"

"तुझी बहीण आली होती मला सोबत करायला," मी म्हटलं आणि डावा हात शालीखाली घेतला. मुलाशी एवढं मोठं खोटं मी पहिल्यांदाच बोलले.

त्यानंतर मी किती जपून वागले म्हणून सांगू! आणि गंमत बघा, समुद्राला स्वतःला देऊन बसलेली बाई, पण रस्ता ओलांडताना दोन्हीकडे चारचारदा बघत होते. जिना उतरताना भिंत धरत होते. कारण उडीनंतर मला एक लोभ सुटला. ज्याच्यासाठी हे केलं त्याचं तोंड एकदा बघावं, मग काय व्हायचं ते होवो.

तिसऱ्या महिन्यात, शुक्रवारी, जुवेना मुबारकला घेऊन घरी आली. तिनं काही सांगायच्या आधीच मला कळलं. चालताना तिनं पोटावर हात ठेवला होता. दुसऱ्या लग्नाची गोष्ट सासूनं गुपचूप गिळली होती. मुबारकनं तर हलव्याची अख्खी परात आणली. हमूदनं बहिणीचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. भात आणि मासा मध्ये ठेवून आम्ही सगळे भोवती बसलो. इतकी मी कितीतरी वर्षांत हसले नव्हते.

मग हमूद सांगायला लागला. "अरे, आज गोदीत काय झालं ऐका. नाळीच्या फळ्या बसवायला घेतल्या, तर कण्यात एक खिळा. वाकडातिकडा, वर बडवून आडवा केलेला! कुठल्या गाढवानं ठोकला कोण जाणे. सगळ्यांना विचारलं, कुणी कबूल होईना. बाबा असते तर त्या माणसाचा हातच काढला असता."

माझा घास हातातच राहिला.

"मग?" मुबारकनं विचारलं.

"मग काय, उपटला. त्याच्यावर फळीच नीट बसली नसती. तिथं स्वतःच्या हातानं नवा ठोकलाय. सरळसोट!"

सगळे हसले. जुवेना हसली नाही. तिनं माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं, ज्याचं नख अजून अर्धं काळं होतं. तिनं तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच तिला दटावलं, गप्प. एक शब्द बोललीस तर बघ. पण माझ्या कानांत तेवढेच शब्द घणघणत होते. स्वतःच्या हातानं नवा ठोकलाय. माझा हात निघाला होता, आणि त्याच भोकात त्याचा बसला होता.

ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या हमूदचा श्वास ऐकत बसले. त्याच्या बापाचाही असाच ऐकू यायचा.

सकाळी त्याच्या आधी मी गोदीत हजर. फळ्यांच्या फटींत ठासायला कापसाची सुतं वळतात, माशाच्या तेलात बुडवतात आणि फटीत ठोकून बसवतात. त्याशिवाय गलबत पाण्यात तासभर तरायचं नाही. म्हाताऱ्या मलबारी सुताराच्या पुढ्यातली कापसाची गोणी मी ओढून घेतली आणि बसले वळत.

"आई, हे काय?" हमूद आला तो ओरडलाच. "लोक काय म्हणतील? उस्तादाची आई मजुरी करते?"

"घरी बसून हातपाय आखडले माझे."

"मग समुद्रावर फिरून ये!"

"मला समुद्राचं कौतुक सांगू नकोस. तेलाचा डबा दे इकडे."

तो चिडला, त्यानं विनवलं, बायकोला पाठवून बघितलं, शेवटी हात टेकले. आता गावात सगळे म्हणतात, हमूदच्या आईला म्हातारचळ लागलाय. लागू दे. मी रोज जाते. सुतं वळते, तेलात माखते, आणि सुतारांना बाजूला सारून स्वतःच्या हातानं फटीत ठासते. नाळीपासून सुरुवात केली, आता मागच्या टोकाला आलेय. बोटांची सालटी निघालीत. खिळा होता तो एक होता. ही सुतं गलबतभर गेलीत. उपट म्हणावं आता.

जुवेनाला सातवा लागलाय. पोर पोटात फार लाथा मारतं म्हणते. गलबत पुढच्या मोठ्या भरतीला पाण्यात जाणार आहे.

परवा संध्याकाळी हमूदनं माझे तेलकट हात आपल्या हातांत घेतले, सोललेली बोटं बघितली आणि हसत म्हणाला, "आई, खरं सांगू? या गलबताला आता माझ्यापेक्षा तुझाच हात जास्त लागलाय."

मी म्हटलं, "पुन्हा एकदा म्हण रे, बाबा. जरा मोठ्यानं म्हण, समुद्राकडे तोंड करून."