‘पाहिले’ एवढंच बोलणारा शिक्का

मित्रांनो, लाकडी मुठीचा, रबरी तळव्याचा एक जुना शिक्का तुमच्याशी बोलतो आहे. मला आयुष्यात एकच शब्द बोलता आला, ‘पाहिले’. तेवढ्या शिक्षणावर मी नागपूरच्या एका महाविद्यालयात एकवीस वर्षे नोकरी केली.

माझा जन्म सीताबर्डीच्या एका गल्लीत, नागसेन नावाच्या कारागिराच्या टेबलावर झाला. रसायनशास्त्राचे मधुसूदन सर मला करून घ्यायला आले होते. नागसेनने भाबडेपणाने विचारले, "सर, ‘पाहिले’ कोरू का ‘वाचले’?"

"‘पाहिले’च कोर गा," सर म्हणाले. "‘वाचले’ कोरलं तं वाचा लागन."

सर मनाने वाईट नव्हते, फक्त घाईत होते. त्यांच्या एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात मी. कप रिकामा होईपर्यंत ऐंशी प्रयोगवह्या ‘पाहून’ व्हायच्या. मुले वही उघडून माझा जांभळा ठसा बघत आणि खूश होत. मीही फुगलो होतो. आपल्यावाचून विद्यापीठाचे पान हलत नाही, असे मला मनापासून वाटे.

मग ऑनलाइन तपासणी आली. मुले उत्तरांचे फोटो पाठवू लागली. विभागाच्या लिपिक इंदुताईंनी सरांच्या सांगण्यावरून माझाही फोटो काढून संगणकात बसवला. एक बटण दाबले की मी सगळ्यांच्या उत्तरांवर एकदम उमटायचो; गुण संगणकच शेवटचा आकडा जुळवून देई. मला स्वतःला मात्र टेबलाच्या खणात टाकले. तो खण नीट लागत नाही, म्हणून पुढचे सगळे मला दिसले आणि ऐकू आले.

खाप्याहून रोज बसने येणारी वैभवी नावाची मुलगी शेवटच्या वर्षाला होती. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. अट एकच, महाविद्यालयाची टायट्रेशनची, म्हणजे द्रावण मोजण्याच्या गणितांची, चाचणी पास व्हायची. ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा उत्तरांखाली मी होतो. कुठे चुकले, ते कुठेच नव्हते. त्यामुळे ती चुकीचीच पद्धत रोज दोन तास घोटत बसायची. शेवटची संधी शुक्रवारी होती.

तिने सरावाचे गणित म्हणून एक पान पाठवले आणि सोमवारी ती फोन हातात धरून विभागात आली. चेहरा रडवेला होता.

"काय झालं वं?" इंदुताईंनी विचारले.

"ताई, सर ‘पाहिले’ म्हणून राहिले. पण मी गणित पाठवलंच नाही ना. चुकून मायच्या वहीतलं पान गेलं."

"कशाचं पान?" मधुसूदन सरांनी मान वर केली.

"सांबारवडीचं, सर."

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, मित्रांनो. कोथिंबिरीच्या वडीची ती अख्खी कृती, खसखस आणि चारोळीसकट, माझा ठसा घेऊन परत आली होती. इंदुताईंनी फोन घेऊन मोठ्याने वाचले, "‘मीठ चवीपुरते.’ खाली ‘पाहिले’. सर, चाखली कधी तुम्ही?"

सर हसले नाहीत. वैभवी हळूच म्हणाली, "सर, तुम्ही पाह्यलं ते ठीक आहे. पण मले काहून कमी मार्क भेटते, ते सांगा ना. शुक्रवारी गेलं तं नोकरी जाते माही."

सरांनी चष्मा लावला. तिचे मागचे दोन्ही पेपर उघडले आणि माझ्या आठवणीत प्रथमच पहिल्या ओळीपासून वाचू लागले. चहा निवून गेला. चूक सापडायला दोन मिनिटे लागली.

"अवं, मिलिलिटरचे लिटर नाही करत तू. उत्तर हजार पट येते. मायच्या वडीत एक चमचा मीठ असन तं तू पोतं ओतून राहिली."

"एवढंच?" वैभवी म्हणाली.

एवढंच होते. दोन मिनिटांचे काम एक वर्ष पडून होते आणि त्यावर झाकण म्हणून मी बसलो होतो. मित्रांनो, मला फार लाज वाटली.

त्याच दिवशी इंदुताईंनी बटण काढून टाकले. प्रत्येक उत्तराखाली निदान दहा शब्द लिहिल्याशिवाय गुण पुढे जाणार नाहीत, अशी सोय करून घेतली. सरांनी यादीतल्या दुसऱ्याच मुलाच्या उत्तराखाली दहा वेळा ‘पाहिले’ लिहिले. संगणकाने मान्य केले. इंदुताईंनी केले नाही.

"सर, यात नऊ शब्द जुने आहेत," त्या म्हणाल्या.

"आन दहावा?"

"तोही."

शुक्रवार गेला. पुढच्या मंगळवारी वैभवी डबा घेऊन आली. डब्यात सांबारवडी होती, सोबत तपासलेल्या पेपरची छापील प्रत. वीसपैकी सतरा. खाली सरांनी लिहिले होते, ‘लिटर सगळीकडे बरोबर केले. तिसऱ्या गणितात एकक राहिले, कारखान्यात विसरू नको.’

"सर, आता तो जुना शिक्का मारून द्या यावर," ती म्हणाली. "आठवण म्हणून."

तुमच्या हाती कुणाचे मन लावून लिहिलेले पान आले, तर मित्रांनो, माझ्यासारखे वागू नका. चुकले तिथे बोट ठेवा, जमले तिथेही ठेवा. समोरचा त्याची वाट बघत असतो.

सरांनी मला खणातून काढले. शाईची गादी वाळून गेली होती, इंदुताईंनी तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. सरांनी ते पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले आणि मग मला टेकवले. मी अगदी फिकट उमटलो. पण एकवीस वर्षांत पहिल्यांदाच खरे बोललो.