पंडिताच्या शिळेवरचा गूळ

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. मिरजगावच्या माळावरच्या भागूबाईची गोष्ट सांगतो.

"भागूबाई, पयला घाव तुझा," मुकादम आसाराम म्हणाला आणि त्याने घण तिच्या पायाशी टाकला.

बहात्तरचा दुष्काळ. सडकेच्या कामावर दिवसभर खडी फोडावी, तेव्हा सुकडी, म्हणजे सरकारी कोरडं पौष्टिक पीठ, मिळायची. हाताशी येणारे दगड संपले होते, खडीच्या ढिगाचं माप कमी भरत होतं, आणि मापावरच सुकडी. उरलं होतं ते बाभळीखालचं जुनं थडगं.

गाव त्याला बोलका पीर म्हणे. ज्या पोराला वाचा फुटत नाही, त्याला पाच गुरुवार तिथे न्यायचं आणि उभ्या शिळेवर गूळ लावून चाटवायचा. भागूबाईची नात साळू सहा वर्षांची झाली तरी मुकीच. चार गुरुवार झाले होते. आज बुधवार.

मागे रंगनाथ मास्तरांनी नगरहून फारसी जाणणारा माणूस आणून ती शिळा वाचून घेतली होती. "हा पीर नाही, भागूबाई. बहामनी काळातला पंडित आहे, तुर्कांच्या मुलखातला. तंबूतंबूतून हिंडला, मेंढपाळांचे, घोडेवाल्यांचे शब्द वेचले, तुर्कांच्या सगळ्या बोलींचा कोश केला. इथं मेला, तेव्हा त्याची बोली कळणारं एक माणूस जवळ नव्हतं." नाव त्यांनी दोनदा सांगितलं, तिच्या जिभेवर ते बसलं नाही.

"मग तर लईच बरं," ती म्हणाली होती. "ज्याच्याकडं एवढे शबुद, त्यो माझ्या साळूला एक न्हाई देनार व्हय?" शब्द हा देवाचा प्रसाद, तो वाटायचा असतो, एवढं कीर्तनातून तिला पक्कं ठाऊक होतं.

"मुकादम, उद्याचा दिस ऱ्हाऊ द्या. एकच गुरुवार ऱ्हायलाय."

"उद्या सायेब मापाला येनार. तुझ्या पिराला सांग, भर म्हनावं ढीग."

बाया हसल्या. गोजरबाई तेवढी हसली नाही. "तुझ्या नातीच्या गुळापायी आमची लेकरं उपाशी ठेवू का गं? बोलत न्हाई, पन खाती तर हाय ना?"

"मग फोडा की तुमीच."

कुणी पुढे होईना. पाप कुणाला हवं?

"तू त्याची भक्तीन हायस," गोजरबाई म्हणाली. "तुला न्हाई त्यो काय करायचा. न्हाई फोडलंस, तर उद्यापासनं टोळीत येऊ नगंस."

भागूबाईने साळूकडे पाहिलं. पोरीच्या बरगड्या वर आल्या होत्या. तिने पदर खोचला, शिळेला हात लावून तो कपाळी नेला आणि घण उचलला. तिसऱ्या घावाला शिळा दुभंगली. मग सगळ्याच तुटून पडल्या.

गुरुवारी तिने ढिगातून अक्षर असलेली एक खपली शोधली, पदराने पुसली, मागून आणलेला गुळाचा खडा तिच्यावर घासला. "चाट, बाय. पाचवा हाय."

खपलीची कड ताजी होती. साळूची जीभ चिरली, हनुवटीवरून रक्त ओघळलं. भागूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तरी ओरडेल. आता तरी आई गं म्हणेल. साळूने भरल्या डोळ्यांनी आजीकडे पाहिलं आणि गुळाबरोबर रक्त गिळलं.

"ती खपली टाक ढिगात," आसाराम मागून म्हणाला. "माप चाललंय."

तिने टाकली.

पंडिताचं नाव मला सांगता येत नाही, ते खडीत गेलं. साळूचं येतं. त्या सडकेवरून कधी गेलात, तर मायबाप, तेवढं एकदा मोठ्याने घ्या.