फेयगाचा कागद

यंदा शाळेनं ब्रोन्याबाईंना बारा मिनिटं दिली होती. इस्रायलमधल्या होलोनच्या या शाळेत ज्यूंच्या संहाराच्या स्मृतिदिनाला त्या सतरा वर्षं बोलत आल्या होत्या, आणि पूर्वी चांगला तासभर मिळायचा. पण यंदा गाणारी मुलं वाढली होती, असं कार्यक्रम बघणाऱ्या शिक्षिका, ओर्ताल बाई, म्हणाल्या.

"बारा मिनिटांत मी जेमतेम तळघरात उतरते," ब्रोन्याबाई म्हणाल्या. "बाहेर कधी यायचं?"

ओर्ताल बाई ओशाळल्या. मग त्यांनी दुसरं काम सुचवलं. नववीची मुलं नाझींनी मारलेल्या माणसांचे कागद भरत होती. एका माणसाला एक कागद, तो स्मारकाच्या दप्तरात कायमचा राहणार.

"तुमच्या घरचं कुणी राहिलंय का?"

आई, वडील, मामा, सगळ्यांचे कागद ब्रोन्याबाईंनी केव्हाच भरले होते. राहिली होती धाकटी बहीण. सतरा वर्षांत एकाही वर्गाला त्यांनी तिचं नाव सांगितलं नव्हतं.

समोर नोगा नावाची मुलगी च्युइंगम चघळत बसली.

"नाव?"

"फेयगा."

"जन्मतारीख?"

"बर्फ वितळत होतं तेव्हाची."

"तारीख हवी, आजी."

"ती आईला माहीत होती."

नोगानं 'मार्च, अंदाजे' लिहिलं. "व्यवसाय?"

"सहा वर्षांची होती गं."

"काहीतरी सांगा ना. रिकामं बरं नाही दिसत."

ब्रोन्याबाईंनी विचार केला. "चुगल्या. रोज आईकडे माझ्या चुगल्या करायची."

नोगानं सुवाच्य अक्षरात ते लिहिलं. "मृत्यूचं ठिकाण?"

"पाहिलं नाही. मी एका शेतकऱ्याच्या तळघरात होते. त्यानं एकीलाच घेतलं, तेही गप्प बसणारीला. फेयगाला ते जमलं नसतं. म्हणून आईनं मला धाडलं."

नोगाचं चघळणं थांबलं. "चिडली असेल ती."

"चिडलीच. निघताना हा एवढा चिमटा काढला."

"लिहू?"

"त्याला रकाना आहे?"

नोगानं कागद उलटला. "मागे कोरा आहे."

बाहेर मुलांनी चार गाणी म्हटली. ब्रोन्याबाईंना एकही ऐकू आलं नाही. मागची बाजू भरली, तेव्हा नोगानं वहीतला कागद फाडून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला, ओदेदला, फोन लावला.

"फेयगाचा कागद देऊन आले."

"फेयगा कोण?"

ओदेद पंचावन्न वर्षांचा होता.

"तुझी मावशी," ब्रोन्याबाई म्हणाल्या. "शुक्रवारी जेवायला ये. सांगते."