पहिल्या तोड्याचा हार

कापणीच्या सणाला सगुणाबाईच्या मळ्यातल्या झेंडूचा पहिला तोडा देवळात जायचा. सासूपासूनची रीत. मूठभर फुलं निघाली तरी त्यांचा हार व्हायचा, वेदीवरच्या लाकडी क्रुसाला पडायचा, आणि मगच दुसऱ्या तोड्याची कॅरेटं बाजाराला लागायची.

यंदा देवळाच्या पायरीवरच किशोरनं तिला अडवलं. किशोर तिचा भाचा, ख्रिस्ती मंडळीचा सेक्रेटरी. नव्या कोटात घामाघूम झालेला.

"आत्या, हा हार नगरसेवक अण्णांच्या गळ्यात घालायचा. तुझ्या हातानं."

"का? अण्णा वधस्तंभावर चढले व्हय?"

"चेष्टा नको. नवा रस्ता कबरस्तानाच्या कोपऱ्यातून चाललाय. वाल्मीकमामांच्या कबरीवरून. अण्णांनी शब्द टाकला तर तो पलीकडं सरकंल."

वाल्मीक तिचा नवरा. त्याला त्या कोपऱ्यात ठेवून चार वर्षं झाली होती, आणि त्याला हलवू देणार नाही असं तीच गावभर सांगत सुटली होती.

हार घेऊन ती आत गेली. पाहते तर काय, वेदीपुढं जिथं दरसाल कांदे, द्राक्षं, भोपळे मांडायचे, तिथं लाल मखमलीची खुर्ची. वेदीकडं पाठ करून. भोपळे बाकाखाली ढकललेले.

अण्णा आले, खुर्चीत बसले. पाळकांनी नेहमीसारखी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना केली. मग किशोरनं पुकारलं, "अण्णांचं स्वागत आमच्या सगुणाआत्या करतील."

ती उठली. अण्णांनी मान वाकवली. सगुणाबाई वाकलेल्या मानेला वळसा घालून पुढं गेली, टाचा उंचावल्या आणि हार क्रुसाला घातला.



"अण्णा, मान वर करा, अवघडंल," ती वळून म्हणाली. "आत्ता तुमच्यासाठी मागणं केलं, ऐकलं ना? दर रविवारी करतो. ज्याच्यासाठी दुसऱ्यापाशी मागावं लागतं, तो या घरचा मालक कसा?"

"आत्या, खाली बस!"

"तू गप. आधी भोपळे उचल."

अण्णांचा चेहरा उतरला, पण आवाज गोडच ठेवला. "आजी, रस्ता कुठून न्यायचा ते माझ्या हातात आहे बरं का."

"बायबलातला बाबेलचा राजा बी असंच म्हणायचा. हे नगर माझं, मी बांधलं. मग बैलावानी गवत खात फिरला, तवा कुठं वर बघायला शिकला. मी अडाणी बाई, मला एकच वचन कळतं. राजाचं मन म्हंजे देवाच्या हातातलं पाटाचं पाणी. जलम गेला माझा फावड्यानं बांध फोडून वाफ्याला पाणी देण्यात. आपणहून वळलेलं पाणी अजून पाह्यलं नाय. अन् तुमचं फावडं तुमच्या हातात नाय."

"आणि रस्ता नाही सरकला तर?"

सगुणाबाईनं क्रुसावरचा हार सारखा केला. "नाय सरकला तर नाय. हाडं हलवाल तुम्ही. शेवटच्या दिवशी वाल्मीकला जो हाक मारून उठवणार हाय, त्याला नवा पत्ता विचारावा लागत नाय. पण हार तिथंच राहील."

अण्णा चहा न घेता गेले. "घालवलंस सगळं!" किशोर डोकं धरून बसला. तिनं बाकाखालचा सगळ्यात मोठा भोपळा ओढला आणि खुर्चीत बसवला. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

दुसऱ्या सकाळी ती कबरस्तानात गेली. रस्त्याच्या आखणीची पांढऱ्या फक्कीची रेघ वाल्मीकच्या उशावरून सरळ गेली होती. कुणी पुसली नव्हती, सरकवली नव्हती.

तिनं फुलांची पाटी उतरवली, नेमकी त्या रेघेवर बसकण मारली आणि सुईत दोरा ओवला.

"पाणी वळवायचं तो वळवील," ती कबरीकडं बघून म्हणाली. "बांधावर उभं राह्यचं काम माझं. तू पड निवांत."