घासूनपुसून ठेवलेलं घर

नव्या रंगाचा वास आला की व्हर्लीन हॅचरचं डोकं तापायचं. शहराच्या आरोग्य खात्यात जुनी घरं तपासता तपासता तिचे केस पिकले होते. तपासणीच्या तोंडावर मारलेला पांढरा रंग म्हणजे चोराच्या मनात चांदणं, हे तिला पाठ होतं. भाडं खाणारे मालक भिंतीवरच्या जुन्या रंगातलं विषारी शिसं तसंच ठेवायचे, वरून एक हात फिरवायचे आणि दारात दात काढत उभे राहायचे. असल्यांना ती सोलून काढायची आणि त्यात तिला सुखही वाटायचं.

पण हे घर भाड्याचं नव्हतं. दारात उभा होता एल्वुड टार्प्ली, सत्तरीचा, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. मार्चच्या थंडीत, गुरुवारी सकाळी, त्याने रविवारी चर्चला घालायचा टाय बांधला होता.

"ये पोरी, ये. पाय पुसू नकोस, फरशी परत पुसेन मी."

"पुसते. माझ्या आईने मारलं असतं मला."

"आई कुठली तुझी?"

"अलाबामाची."

"मग झालंच! मीही तिकडचाच, घरचीच आहेस तू."

म्हातारा हसला, पण टायची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होता. कारण साधं होतं. त्याची मुलगी नशेच्या गोळ्यांच्या नादात गेली, आणि कोर्टाने तिची दोन वर्षांची पोर, झारिया, तूर्त आजोबाकडे ठेवली होती. तूर्त म्हणजे पुढच्या सुनावणीपर्यंत. मध्येच दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीत पोरीच्या रक्तात शिसं जरा जास्त निघालं. घाबरून जावं असं काही नव्हतं, पण घर बघायलाच हवं होतं. म्हणून खात्याचं पत्र आलं, आणि ते आल्यापासून म्हाताऱ्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. घर नापास झालं तर पोर जाणार. एकदा सरकारी माणसांनी नेलेलं मूल परत आलेलं त्याने त्या वस्तीत पाहिलं नव्हतं.

"सगळीकडे हात फिरव," तो म्हणाला. "सुटलेल्या रंगाचा एक पोपडा दाखव, मी तुला जेवायला घालतो. चवळी शिजलीय, मक्याचा पाव भट्टीत आहे."

"आणि नाही सापडला तर?"

"तरी घालतो. चर्चवाला माणूस आहे मी."

व्हर्लीनला हसू आलं. तिने पिशवीतून मोजायचं यंत्र काढलं. ते बंदुकीसारखं चौकटीला टेकवायचं, म्हणजे कितीही थरांखाली शिसं असलं तरी आकडा दाखवतं. पहिल्याच खिडकीला आकडा वर गेला. त्यात नवल नव्हतं, या गल्लीतली सगळी घरं शंभरी गाठलेली. नवल वेगळंच होतं. एकाच चौकटीवर एका जागी आकडा भरमसाट, आणि वीतभर बाजूला जवळजवळ काहीच नाही. तिने बोटाने चाचपलं. रंगाचे उंचवटे, ओघळ, काही नाही. कडा गोल, गुळगुळीत.

"मिस्टर टार्प्ली, इथला जुना रंग कुठे गेला?"

याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा म्हातारा फुलला.

"खरवडून टाकला! तुला काय वाटलं, वरून चुना फासला? आमच्या चर्चची पद्धत आहे, पोरी. कुणाच्या घरी कोर्टाचं, विम्याचं, कुठलंही माणूस येणार असलं की आम्ही म्हातारे मिळून घर उभं करून देतो. चर्चचा कारभारी, डीकन ब्रॅझिल स्वतः आला, आणखी चौघं आले. आधी पत्र्याने खरवडलं, मग घासायचं यंत्र फिरवलं, शेवटी नवा रंग दिला. सगळ्या खिडक्या, दारं, जिन्याचे कठडे. हात लावून बघ, बाळाचा गाल लागेल हाताला."

"खिडक्या उघड्या होत्या?"

"या थंडीत? खुळी की काय तू! खिडक्या बंद आणि हीटर चालू."

व्हर्लीनने खाली बघितलं. हीटरची गरम हवा येते त्या जाळीत राखाडी पीठ बसलं होतं. गालिच्यावर गुडघा टेकून तिने तळवा दाबला, आणि उचलला तेव्हा तो पांढुरका झाला होता. 

"आणि झारिया कुठे होती तेव्हा?"

"कुठे जाणार? इथेच, माझ्या पायात. खेळण्यातला झाडू दिला होता तिला. पीठ उडवून उडवून अशी पांढरीफटक झाली की आम्ही हसून हसून बेजार! डीकन म्हणाला, ही बघा आमची सगळ्यांत धाकटी सिस्टर, कामाला सगळ्यांच्या पुढे."

"आत्ता कुठे आहे?"

"झोपलीय."

पोर बाहेरच्या खोलीत सोफ्यावर गोधडीखाली होती. सकाळचे दहा वाजून गेले होते. तोंडात अंगठा होता, डोळे अर्धवट उघडे होते. व्हर्लीनने नावाने हाक मारली तर पोरीने नुसतं बघितलं.

"गुणी झालीय हल्ली," म्हातारा कौतुकाने कुजबुजला. "पूर्वी घर डोक्यावर घ्यायची. आता पडून असते बिचारी. कालपासून पोटात काही ठरत नाही, सगळं उलटून पडतंय. साथ आलीय म्हणतात."

साथबीथ काही नव्हती. व्हर्लीनला रडावंसं वाटलं, आणि कुणाच्या तरी कानाखाली काढावीशीही वाटली. पण काढणार कुणाच्या? ज्याने नातीसाठी गुडघे मोडून घर घासलं त्याच्या? रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो समोर सोफ्यावर पडला होता, आणि इलाज करणारा टाय बांधून शाबासकीची वाट बघत होता. आयुष्यभर तिने कुणाला दयामाया दाखवली नव्हती. आज मात्र तिने ठरवलं की आपण बोलायचं नाही. हॉस्पिटलात डॉक्टर सांगतील, बसवून, सावकाश सांगतील. हा घाव आपल्या हातून नको.

"हिला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, आत्ता. उलट्या थांबायला हव्यात," ती म्हणाली. "माझ्या गाडीतून चला. मी त्यांना फोन करते."

"आत्ता? बरं, बरं." म्हाताऱ्याने कोट चढवला, मग दारात अडखळला. "पण घर... घर पास ना?"

"आधी पोरीकडे बघू या."

"तेही खरंच. थांब हं, क्लीओफसला, आमच्या डीकनला कळवतो, मी येत नाही म्हणून."

"कुठे येत नाही?"

"आमच्या चर्चमधल्या सिस्टर ओलीटाकडे. तिलाही तुमचं पत्र आलंय ना, तर सगळे सकाळपासून तिथेच लागलेत. जिना घासायचं काम माझ्याकडे होतं. तिची जुळी नातवंडं आहेत, वरच्या खोलीत."

व्हर्लीन जागच्या जागी थांबली. तिला आता गप्प बसून चालणार नव्हतं.

"मिस्टर टार्प्ली, इकडे बघा. ते काम बंद करायला सांगा. लगेच."

"का? सुरेख काम करतात ते."

"रंग भिंतीला चिकटून होता तोवर शिसं भिंतीत होतं. तुम्ही घासलंत, त्याचं पीठ झालं. ते हवेत गेलं, गालिच्यात गेलं. तिच्या अंगठ्यावर गेलं, आणि अंगठा तोंडात."

त्याने कोटाच्या खिशातून पत्र काढलं.

"पण पत्रात होतं, सुटलेला रंग दिसता कामा नये."

"खाली हेही होतं की स्वतः खरवडू नका."

"वाचलं होतं मी ते." त्याचा आवाज खाली आला. "मला वाटलं, ते कामचुकारांसाठी असेल. अर्धवट करून सोडणाऱ्यांसाठी. मी जन्मभर पोलाद घासलंय, पोरी. मी काही अर्धवट सोडलं नाही."

"मला दिसतंय ते."

"मी काहीच केलं नसतं, नुसता बसून राहिलो असतो, तर?"

खोटं बोलावंसं तिला वाटलं. जीभ वळली नाही.

"तर आज तिने घर डोक्यावर घेतलं असतं."

म्हातारा खाली बसला नाही, रडलाही नाही. त्याने फोन लावला. पलीकडे यंत्राची घरघर इतकी मोठी होती की व्हर्लीनलाही ऐकू आली. डीकन ओरडून विचारत होता, "काय रे एल्वुड, पास झालास ना? आम्ही जेवायला येतोय तुझ्याकडे!"

"क्लीओफस, यंत्र बंद कर."

"काय?"

"बंद कर ते! पोरं कुठे आहेत? दोघांना बाहेर काढ. अंगावरचे कपडे उतरवा, कोटात गुंडाळा, पण बाहेर काढ. नाही... तू ऐक माझं. माझी झारिया डोळे धड उघडत नाहीये. साथ नाही ती. आपण केलंय ते. हो, आपणच."

घरघर थांबली. डीकन काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात.  टार्प्लीने फोन व्हर्लीनच्या हातात दिला आणि नातीला उचलायला वाकला. मग मध्येच थांबला, आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "तूच घे तिला."