विमलच्या चेहऱ्यावरचा राग

रत्नाकर दिवेकरांना काही शिकवायला जाणं म्हणजे आपलीच फजिती करून घेणं. चेन्नईजवळच्या आवडी गावी, संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. लोखंडाच्या तुकड्यात केसाएवढी चीर असली तरी नुसत्या नजरेनं हेरायचा. अशा माणसाला इस्पितळातल्या तिशीच्या पोरीनं सांगावं, "मामा, शनिवारी वर्गाला बसा, चेहरा कसा ओळखायचा ते शिकवते!" काय म्हणावं? दिवेकर घरी येऊन तासभर धुमसत होते. माणुसकी काय शिकवण्या लावून येते होय?

पण बसले. विमलला व्यायामासाठी शनिवारी तिथे न्यावंच लागे, आणि व्यायामानंतर पेशंट आणि घरची माणसं यांचा हा वर्ग असे.

विमलला कंपवात होऊन तीन वर्षं झाली होती. आधी हात थरथरायला लागले, मग आवाज घशात उतरला, आणि मग चेहरा थांबला. तोच चेहरा एकेकाळी असा बोलका होता, की तिनं नुसत्या भुवया उंचावल्या तरी भाजीवाली भाव उतरवायची. डॉक्टरांनी दिवेकरांना स्पष्ट सांगितलं होतं, की चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मन आखडत नाही. ते त्यांनी कानांनी ऐकलं. डोळ्यांनी मात्र ऐकलं नाही. रोज सकाळी ते तिची वेणी घालायचे, कारण तिला जमत नव्हतं, आणि आरशातून ती त्यांच्याकडे अशी बघायची, जणू सासूनं नव्या सुनेच्या पोळ्या बघाव्यात. ना हसू, ना 'बरी झाली', काही नाही. माणूस दगडाचा असला तरी त्याला लागेल हो! दिवेकर तर दगडाचे नव्हतेच, फक्त तसे दिसायचे.

दीड वर्ष हे असं चाललं. शेवटी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की हिला आता आपण नकोसे झालोय. महिन्यापूर्वी त्यांनी तिला सांगितलं, "तू पुण्याला तन्मयकडे जा. सूनबाई तुझं माझ्यापेक्षा नीट करेल." ती तशीच बघत राहिली. एकदाही तिचा चेहरा हलला नाही. सुटले म्हणत असेल, असं त्यांना वाटलं, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. मुलगा रविवारी तिला न्यायला येणार होता, कायमची. स्वतः ते आवडीतच राहणार होते. जिला आपलं तोंड बघवत नाही तिच्या मागे कशाला जायचं?

तर हा त्या रविवारच्या आधीचा शनिवार.

वर्ग घेणारी कीर्तना तंजावरकडच्या मराठी घरातली. तिची मराठी जुन्या वळणाची, हेल मात्र तमिळ. बाकीच्यांशी तमिळमध्ये बोलायची, दिवेकरांशी मराठीत. तिनं पडद्यावर अनोळखी माणसांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. कोण घाबरलंय, कोण उसनं हसतंय, कोण रडू दाबतंय, ते ओळखायचं. दिवेकरांनी वीसच्या वीस ओळखले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी विमलकडे पाहिलं. ती शेजारच्या खुर्चीत बसली होती, तशीच.

"आता इथल्याच पेशंटांचे," कीर्तना म्हणाली. "गेल्या आठवड्यात व्यायामाच्या वेळी काढले. त्यांना विचारूनच."

तिसरा फोटो विमलचा होता.

"सांगा मामा, काय दिसतंय?"

टाळ्यांनी चढलेला माणूस बोलून जातो. दिवेकर मोठ्यांदा म्हणाले, "राग! आणि तो माझ्यावरच. हा तर मला रोज दिसतो." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! दोघंतिघं हसले. कीर्तना हसली नाही. तिनं हातातला कागद उलटला.

"फोटो काढताना मी प्रत्येकाला सांगितलं होतं, सगळ्यात सुखाचं काही आठवा. मग काय आठवलं ते विचारून लिहून घेतलं. मामींचा आवाज लहान, म्हणून कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्या म्हणाल्या, 'हे सकाळी माझी वेणी घालतात तेव्हा.'"

दिवेकरांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना अजूनही रागच दिसत होता. डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. रागच! आयुष्यभर ज्या नजरेवर जगले ती त्यांना साफ खोटं सांगत होती, आणि दीड वर्ष त्यांनी त्या नजरेवरच विश्वास ठेवला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की शेजारी मान वळवता येईना.

वर्ग संपल्यावर दोघं बाहेरच्या बाकावर बसले. माणसं जात येत होती. दिवेकरांनी दोनतीनदा घसा खाकरला.

"विमल, पुण्याचं मी सांगितलं, तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

तिला शब्द गोळा करायला वेळ लागायचा. एरवी तेवढ्यात ते उठून दुसऱ्या कामाला लागायचे. आज बसून राहिले, कान तिच्या तोंडाशी नेऊन.

"मी नाही म्हणाले," विमल म्हणाली. "दोनदा म्हणाले. तुम्ही कपाट आवरत होतात."

"मला ऐकूच नाही आलं गं."

"मग मला वाटलं, तुम्ही थकलात माझं करून करून. म्हणून गप्प बसले. महिनाभर रोज रडतेय मी, अहो. डोळ्यांत पाणी येत नाही, तर तुम्हाला कसं कळणार?"

दिवेकरांच्या डोळ्यांत मात्र आलं, भर इस्पितळात, सगळ्यांसमोर. त्यांनी ते पुसलं नाही. तिथूनच तन्मयला फोन लावला. आईला नेऊ नकोस, म्हणाले, तू ये, दोन दिवस राहा आणि जा. का म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाले, चूक माझी आहे, आल्यावर सांगतो. असं वाक्य त्या मुलानं बापाच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

फोन ठेवून त्यांनी विमलकडे पाहिलं. सवयीनं वाट पाहिली, की आता काहीतरी हलेल, ओठाचा कोपरा तरी. काही हललं नाही. नेहमीचा, तोच रागीट चेहरा. मग त्यांनी तिचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "बरं वाटलं का तुला?"

आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"रोज विचाराल?" विमल म्हणाली.

"विचारीन."

"मग वाटलं."