ज्या सकाळी फळ्यावर ‘श्री’ नव्हता

या बाळांनो, जरा पुढे सरकून बसा. चपला बाहेर राहू द्या आणि मन तेवढं आत आणा. कीर्तनाला बसतो तशी मांडी घाला. एक गोष्ट सांगतो. गोड नाही ती, पण ऐकायला हवी अशी आहे.

मी एक जुना फळा आहे. डोंबिवलीतल्या मारुतीच्या देवळासमोरचा वार्ताफलक. आता देवळामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा असतो आणि माझ्या पाठीला लोक सतरंज्या टेकवून ठेवतात. पण मित्रांनो, ऐंशी सालाच्या सुमारास माझा थाट काही निराळाच होता.

काळुराम सुतारांनी मला घडवलं. ठाण्याला वागळे इस्टेटच्या कारखान्यांत ज्या लाकडी खोक्यांतून यंत्रं यायची, त्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी रंधा मारून जोडल्या. मग बॅटरीचे जुने सेल फोडून आतली काळी पूड काढली, पाल्याच्या रसात खलली आणि माझ्यावर हात दिले. “देवासमोर उभा राहणार आहेस, शहाण्यासारखा राहा,” असं मला म्हणाले.

माझ्यावर लिहायचे देवरामकाका. रेल्वेतून निवृत्त झालेले आणि कीर्तनाचे वेडे. सकाळी अंघोळ करून आले की ओल्या फडक्याने मला पुसायचे आणि वर मधोमध ‘श्री’ काढायचे. खाली कुणाची मुलगी पास झाली, कुठल्या आळीत आज पाणी नाही, संध्याकाळी कोणत्या बुवांचं कीर्तन. शेवटी स्वतःचं नाव. नावाशिवाय त्यांनी एक ओळ लिहिली नाही. कुणी वारलं असेल तर ‘श्री’ काढायचा नाही, ही तर आपली रीतच आहे. पण तशी बातमी लिहिण्याआधी काका त्या घरी जाऊन यायचे. घरचे ‘लिहा’ म्हणाले, तरच खडू उचलायचे.

पुढे पलीकडच्या नाक्यावर दुसऱ्या मंडळाचा फळा लागला. माझ्या शेजारच्या औषधाच्या दुकानात काम करणारा दौलत एकदा काकांना म्हणाला, “काका, तुम्ही घरोघर चहा पीत बसता, तोवर त्यांच्या फळ्यावर सगळं येऊन जातं. लोक हसतात आपल्याला.”

“हसू दे रे. बातमी शिळी झाली म्हणून बिघडत नाही. ती काय भाजी आहे?”

“माज्या भाजीला कशाला मधी घेता काका?” माझ्या सावलीत बसलेल्या मनुबाई म्हणाल्या. “सकालची खुडलेली हाय.”

मनुबाई ठाकुर्लीहून डोक्यावर पाटी घेऊन यायच्या. वाचता येत नव्हतं, पण ‘श्री’ तेवढा ओळखायच्या. आल्या आल्या वर बघायच्या, हात जोडायच्या आणि म्हणायच्या, “हाय ना जागेवर? मंग दिस बरा.” त्यांचा एकुलता एक मुलगा नामा वागळे इस्टेटमध्ये रात्रपाळीला असायचा आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तनात मृदंग वाजवायचा. गळ्यात तुळशीची माळ. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसे.

पूर्वरंग इथे संपला, मित्रांनो. आता पुढचं ऐका.

त्या सकाळी काका काल्याच्या कीर्तनाला कल्याणला गेले होते. दौलतने दुकानाचं शटर वर केलं आणि आत फोन वाजला. नाक्यावर फोन तेवढाच एक होता. कारखान्यातून कुणी बोलत होतं. यंत्रावर अपघात झाला, नामा गेला, घरी कळवा.

दौलत नामाचा मित्र. त्याचे डोळे भरून आले, हे मी पाहिलंय. पण त्याच भरल्या डोळ्यांनी त्याने पलीकडच्या नाक्याकडे पाहिलं. तो फळा अजून कोरा होता. दोन ओळी लिहू आणि मग जाऊ त्याच्या घरी, असं त्याने ठरवलं.

त्याने मला पुसलं. लिहिलं, ‘आमचे लाडके मृदंगवादक नामा यांचे यंत्रावरील अपघातात निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.’ मग रंगीत खडूने भोवती चौकट काढली. मग चारही कोपऱ्यांत फुलं काढली. एवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तो आत गेला.

माझ्यासमोर माणसं जमली.

“रात्रपाळीला घेतात ना थोडी. झोप येऊ नये म्हणून.”

“कोण, नामा? अहो, माळकरी होता तो.”

“माळ काय, शर्टाच्या आत असते.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी उरलेला खडू उचलला आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘दारू पिऊन यंत्र चालवू नये.’ खाली नाव नव्हतं.

आणि मनुबाई आल्या. पाटी उतरवली, वर पाहिलं.

“आज श्री नाय काढला? कोन गेलं रं?”

एकाने घड्याळात पाहिलं. एक जण उगाच माठाच्या जुड्या चाचपू लागला.

“मी अडानी, पन तुमी तर सालेत शिकलेले ना?” त्या हसल्या. तेवढ्यात दौलत दुकानातून बाहेर आला. “ये बाबा, तू वाच. हे काय बी वाचीत नाय.”

दौलत माझ्यासमोर उभा राहिला. जे हाताने फुलं काढून लिहिलं होतं, ते तोंडातून निघेना.

“मावशी, तुम्ही आधी बसा.”

“बसते. पन नाव काय ते सांग.”

“नामा.”

“कंचा नामा?”

“आपला,” दौलत म्हणाला.

त्यानंतरचं मी सांगणार नाही.

दुपारी काका आले. त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसलं आणि फडकं तिथेच ठेवलं. पुन्हा त्यांनी खडू हातात घेतला नाही. माझ्यावरची अक्षरं गेली, पण ती कोपऱ्यातली ओळ गेली नाही. ती संध्याकाळपर्यंत ठाकुर्लीला पोहोचली, मनुबाईंच्या घरात शिरली. ‘ती ओळ मी लिहिली,’ असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. नंतरही लोक माझ्यावर लिहीतच राहिले. आणखी घाईने, आणखी निनावी. कुणी काही शिकलं नाही.

मनुबाई नाक्यावरून उठल्या आणि स्टेशनजवळच्या पुलाखाली बसू लागल्या. जुडी हातात देताना प्रत्येकाला सांगायच्या, “माजा पोरगा पीत नव्हता हो.” लोक ‘बरं बरं’ म्हणायचे आणि वर थोडी कोथिंबीर मागायचे.

आता स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं दुकान निघालंय. तिथे बसून लिहिलेलं म्हणे त्याच घटकेला गावोगाव वाचतात. ऐकलं आणि माझ्या फळ्या थंड पडल्या. तिथे पुसायला फडकं असतं का, मला माहीत नाही. मित्रांनो, तुम्ही कशावरही लिहा, पण बातमी कुणाची आहे त्याला आधी विचारा. त्या माणसासमोर उभं राहून वाचता येईल तेवढंच लिहा. खाली आपलं नाव लिहा. तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही, तरी सांगतो.

मनुबाई मागच्या वर्षी गेल्या. आता पुलाखाली ते सांगायला कुणी बसत नाही. म्हणून कीर्तनाची दक्षिणा समजा आणि एवढं द्या. ठाकुर्लीचा नामा मृदंग वाजवायचा. तो पीत नव्हता. त्याची अशी आठवण ठेवा.